तेलविहिरी घरच्या, भाव जगाचा

पुण्या-मुंबईच्या नातलगांशी बोलताना हल्ली एक वाक्य हमखास येतं: आपलंच तेल पुरेसं निघालं तर कुणापुढे वाकायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं रशियन तेलावर बोट ठेवून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादलं. २०१९ मध्ये तिच्याच निर्बंधांपायी इराणचं तेल घेणं आपण थांबवलं होतं. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या देशाला हे सलणारच; मलाही सलतं. म्हणूनच अंदमानच्या समुद्रात, दक्षिण अमेरिकेतल्या गयाना या देशाला सापडला तसा मोठा तेलसाठा सापडण्याची आशा पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी बोलून दाखवतात, तेव्हा अनेकांना त्यात सुटकेची वाट दिसते.

मी राहतो ह्यूस्टनमध्ये, तेलावर उभ्या राहिलेल्या शहरात. निवडणूक आली की इथे ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ घुमतं. आश्वासन तेच: घरचं तेल काढा, आखाती देशांच्या कटकटीतून सुटा. तेल निघालंही. शेलच्या, म्हणजे खडकांच्या थरांत अडकलेल्या तेलाच्या, जोरावर अमेरिका २०१८ पासून कच्च्या तेलाच्या उत्पादनात जगात पहिली आहे.

पण सुटका झालेली नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडनं मागणी कोसळली आणि इथला वायदेभाव चक्क शून्याखाली गेला. त्याच महिन्यात हे शेलचं तेल काढणाऱ्या कंपन्या बुडू नयेत म्हणून ट्रम्प सौदी अरेबिया आणि रशियाच्या मागे लागले होते, उत्पादन कमी करा म्हणून. पुढे युक्रेन युद्धात पेट्रोल भडकलं. सौदीला वाळीत टाकायची भाषा करणारे बायडन जुलै २०२२ मध्ये उत्पादन वाढेल या आशेनं जेद्दाला गेले. ऑक्टोबरमध्ये ओपेक प्लसनं, म्हणजे सौदी, रशिया वगैरे तेल उत्पादक देशांच्या गटानं, उलट दररोज २० लाख पिंपांची कपात जाहीर केली. जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादक देशाचे दोन अध्यक्ष, दोन पक्षांचे, आणि दोघांनाही रियाधची मनधरणी करावी लागली.

कारण विहीर टेक्सासात असली तरी भाव जगाच्या बाजारात ठरतो. आखाती तेल ज्या चिंचोळ्या समुद्रमार्गानं बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की इथलं तेलही महागतं. शिवाय खोदायचं की नाही हे खासगी कंपन्या तो भाव बघून ठरवतात, व्हाइट हाउसच्या आदेशानं नाही. त्यात या किनाऱ्यावरच्या बऱ्याच रिफायनऱ्या व्हेनेझुएला-मेक्सिकोच्या जड तेलासाठी बांधलेल्या. शेलचं तेल हलकं. म्हणून आयात चालूच राहते.

आपल्यालाही हा अनुभव आहे. ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदाई करणाऱ्या रिगनं १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल शोधलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निम्म्याहून अधिक गरज देशातल्या तेलावर भागत होती. तरी १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळल्यावर तेलाचं बिल फुगलं, आधीच डळमळीत असलेली परकीय गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये सोनं गहाण पडलं.

अंदमानात जरूर खोदावं, तेवढं परकीय चलन वाचेल. पण २०२२ नंतर रशियन तेलाचा वाटा दोनेक टक्क्यांवरून एक तृतीयांशाच्या वर नेता आला, तो तऱ्हेतऱ्हेचं तेल पचवणाऱ्या आपल्या रिफायनऱ्यांमुळे. दबाव झेलायचा तर साठाही हवा. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरच्या भूमिगत गुहांत ५३.३ लाख टन तेल मावतं, म्हणजे जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. ओडिशातलं चंडीखोल आणि पाडूरचा दुसरा टप्पा यांना २०२१ मध्येच मंजुरी मिळाली आहे. खासदारांना जाब विचारायचा तर आधी या कामांचा विचारावा.