तारीख छापलीय की लपवलीय?

औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी छापतात ती आपण वाचावी म्हणून, की फक्त इन्स्पेक्टरला दाखवता यावी म्हणून? चंदेरी पाकीट, दुमडलेली कड आणि त्यावर बिनशाईचा नुसता ठसा! मोबाईलची टॉर्च मारून, तिरपं धरून, शेवटी नखाने चाचपून बघितलं तेव्हा कुठे महिना कळला. कंपनीचं नाव मात्र रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं.

बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी, पुढे गेली आणि पोट साफ करायची ती पावडर घरात पडून राहिली. पाकिटावर हाच महिना, तपासणीही याच महिन्याच्या शेवटी. चालेल का? आत्या म्हणते, एक तारखेलाच बाद झालं. केमिस्ट म्हणतो, "चालतंय हो ताई, दोन-चार महिने मागे-पुढे काय होतंय!" अरे, मग तारीख छापता कशाला? मुदत संपलेलं औषध विकायला बंदी आहे ना, मग प्यायला कसं सांगता? हॉस्पिटलला फोन केला तर रिसेप्शन म्हणे फार्मसीला विचारा, फार्मसी म्हणे डॉक्टरांना, आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये.

नियम साधा आहे. नुसता महिना-वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. हे एक वाक्य सांगायला कुणाची जीभ झिजते?

आणि ही मुदत बंद पाकिटाची, तेही सांगितलं तसं ठेवलं तरच. ३० अंशांच्या खाली, कोरड्या जागी. जुलैत आमच्या रत्नागिरीत कोरडी जागा दाखवा मला! मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, आणि ही पावडर तर ओल धरणारीच. पाकीट दाबून बघितलं तर आत गठ्ठे. मग तारखेचं काय लोणचं घालू? एकदा पाण्यात कालवलं की हिशोब तासांवर येतो. कुठलं २४ तास, कुठलं ४८, तेही फ्रिजमध्ये. हे लिहिलेलं असतं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आत्याचा बेत तर उरलेलं बाटलीत भरून "पुढच्या वेळेला" ठेवायचा होता!

पोट नीट साफ झालं नाही तर कॅमेऱ्याला दिसणार काय? छोटासा पॉलिप, म्हणजे आतड्यातली गाठ, सहज निसटतो. मग परत सगळं आलं: परत उपास, परत ते दोन लिटर खारट पाणी, परत रात्रभर संडासच्या फेऱ्या. सत्तरीच्या माणसाने किती सोसायचं?

शेवटी नवीन घ्यायला गेले. केमिस्टने हात घातला तो कुठे, तर उन्हात तापलेल्या काचेच्या शोकेसमध्ये. म्हटलं, हे नको, आतलं द्या, आणि तारीख वाचून दाखवा. त्याने चष्मा लावला, पाकीट दिव्याखाली नेलं, फिरवून फिरवून बघितलं, आणि वर मलाच म्हणतो, "ताई, तुम्ही फारच बघता बुवा."