सरांची वही आणि आर्थर सिमन्स

आज एका काव्यसंग्रहाच्या प्रकाशनाला गेले होते. हॉल भरलेला, कविताही चांगल्या. सत्काराला उत्तर देताना कवी म्हणाला, "ज्यांना कविता जमत नाही ते समीक्षा करतात." टाळ्या पडल्या. मीही सवयीने हात उचलले आणि तसेच खाली ठेवले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून आधी हे लिहिते आहे.

मला आमचे सर आठवले. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांचा एकच संग्रह निघाला होता, उरलेल्या प्रती कॉटखाली खोक्यात. एस.वाय.ला असताना मी माझ्या कविता घेऊन गेले, तर त्यांनी त्या उघडल्याही नाहीत. दोनशेपानी वही हातात ठेवली. "आधी हे वाच, मग तुझं बघू." पुण्याच्या एका ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक परत करायच्या आत त्यांनी त्यातली प्रकरणं हाताने उतरवून काढली होती. निळी शाई, आणि ओळींच्या मधे पेन्सिलने मराठी अर्थ.

पुस्तक होतं इंग्रजी कवी आणि समीक्षक आर्थर सिमन्सचं, 'द सिम्बॉलिस्ट मूव्हमेंट इन लिटरेचर'. थेट न सांगता प्रतीकांमधून सुचवणाऱ्या फ्रेंच कवींवरचं. सिमन्स 1865 साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला जन्मला. आईवडील कॉर्नवॉलचे. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, सतत बदल्या, त्यामुळे गाव असं कुठलं नाहीच. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही, तरी एकविसाव्या वर्षी ब्राउनिंग या इंग्रजी कवीवर पुस्तक लिहिलं. कविता आयुष्यभर लिहिल्या. म्हणजे आजच्या त्या वाक्याप्रमाणे हा 'कविता न जमलेला'!

या माणसाने काय काय केलं ते बघा. 1893 साली फ्रेंच कवी व्हर्लेन व्याख्यानांसाठी लंडनला आला तेव्हा त्याला स्वतःच्या खोलीत उतरवून घेतलं. 1896 साली 'द सॅव्हॉय' नावाचं मासिक काढलं, चित्रं ऑब्री बिअर्डस्लीची. वर्षभरात बंद पडलं. शेवटच्या अंकातला सगळा मजकूर सिमन्सने एकट्याने लिहिला होता. ज्यांनी कधी नियतकालिक चालवलंय, पदरचे पैसे घालून, त्यांना या एका गोष्टीतलं सगळं कळेल. आयरिश कवी येट्सला फ्रेंच जेमतेम यायचं. सिमन्स त्याला मालार्मे या फ्रेंच कवीच्या कवितांचे अनुवाद वाचून दाखवायचा. पुढे पुस्तक अर्पण केलं तेही येट्सलाच. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या पहिल्या कवितासंग्रहासाठी प्रकाशकाकडे शब्द टाकणाराही हाच.

आणि 1905 साली लंडनहून सरोजिनी नायडूंचा 'द गोल्डन थ्रेशहोल्ड' निघाला, त्याची प्रस्तावनाही त्याचीच. या कविता आपल्या आग्रहावरून छापल्या जाताहेत, असं तो पहिल्याच वाक्यात सांगतो. हो, त्या प्रस्तावनेत तो सरोजिनीबाईंच्या डोळ्यांवर आणि रेशमी वस्त्रांवर फार रेंगाळतो. ते मला तेव्हाही टोचलं होतं, आजही टोचतं. पण हैदराबादच्या पंचविशीतल्या मुलीला "छाप" म्हणणारा होता ना कुणीतरी.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना माझा राग कुठे जातो कळत नाही. डिसेंबर 1908. हार्वर्डमधल्या एका ग्रंथालयात वीस वर्षांच्या मुलाला सिमन्सचं हे पुस्तक सापडतं. त्यात फ्रेंच कवी लाफोर्ग भेटतो. मुलगा लाफोर्गची पुस्तकं थेट फ्रान्सहून मागवतो, आणि त्याची स्वतःची कविता बदलून जाते. तो मुलगा टी. एस. एलियट, पुढचा मोठा इंग्रजी कवी. या पुस्तकाने आपल्या आयुष्याला वळण दिलं, हे त्याने पुढे स्वतः लिहून ठेवलं. आपल्याकडे मर्ढेकरांविषयी बोलताना एलियटचं नाव निघतंच. सिमन्सचं कुणी काढतं?

आणि त्याच 1908 च्या शरद ऋतूत सिमन्स इटलीत होता. व्हेनिस, बोलोन्या असं भटकता भटकता त्याचं मन ढासळलं. फेरारात लोकांनी त्याला कोठडीत बेड्या घालून ठेवलं. इकडे त्याचं पुस्तक एका मुलाचे डोळे उघडत होतं आणि तिकडे तो स्वतः कोण हे त्याला सांगता येत नव्हतं. हे सरांनी मला एस.टी. स्टँडवर सांगितलं होतं, गाडीची वाट बघताना. सांगता सांगता गप्प झाले. गाडी आली तरी मी उठले नाही.

डॉक्टरांनी तेव्हा त्याची आशा सोडली होती. तो जगला, 1945 पर्यंत. केंटमधल्या विटर्शम गावी घर होतं, तिथेच गेला. या छत्तीस वर्षांत पुस्तकं निघत राहिली, पण बरीचशी जुनंच पुन्हा जुळवून.

मान्य, त्याच्या स्वतःच्या कविता आज फारशा वाचल्या जात नाहीत. त्याची समीक्षा धूसर आहे, अनेक ठिकाणी अत्तरासारखी नुसती दरवळते, हेही मान्य. सरांच्या कवितेबद्दलही कुणी असंच म्हणेल. म्हणू दे. त्या वहीनंतर मी माझ्या कविता सरांना परत दाखवल्याच नाहीत, दोन वर्षं नुसती वाचत बसले. आज व्यासपीठावर जो उभा होता त्यालाही कुणीतरी कधीतरी काहीतरी वाचायला दिलं असेलच की. तो त्यांचं नाव कसा विसरला?

सरांना मगाशी फोन केला. ऐकायला कमी येतं आता, दोनदा ओरडून नाव सांगावं लागलं. कार्यक्रमातलं मी काही बोलले नाही. त्यांनी नेहमीचंच विचारलं, "सध्या काय वाचतेस?"

वही समोर उघडी आहे. लाफोर्गच्या प्रकरणात एका शब्दाखाली पेन्सिलची रेघ, आणि बाजूला सरांचं बारीक अक्षर: "नीट कळलं नाही. पुन्हा पाहणे."