जेटर, ओझी, रिपकन: शॉर्टस्टॉपचा हिशोब एकदा नीट मांडू या

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा फील्डर म्हणजे शॉर्टस्टॉप. सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण, हा वाद डेरेक जेटरच्या ३,४६५ हिट्सपासून (चेंडू मारून बेस गाठला की हिट) सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. मग कुणीतरी ओझी स्मिथचे १३ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचे वार्षिक पुरस्कार) काढतं, कुणी कॅल रिपकनचे सलग २,६३२ सामने. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकमेकांसमोर ठेवून काहीच ठरत नाही. सगळं एकाच मापात आणावं लागतं आणि बेसबॉलमध्ये ते माप म्हणजे धाव. बॅटने मिळवलेली धाव आणि ग्लोव्हने वाचवलेली धाव, दोन्हींची किंमत सारखीच. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. ‘वॉर’ हा आकडा यावरच उभा आहे: या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा बदली खेळाडू उतरवला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते?

बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळाच्या हिशोबात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा होनस वॅग्नर १३० च्या वर, रिपकन ९६ च्या जवळ, ओझी ७७ च्या जवळ आणि जेटर ७१ च्या थोडा वर. फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र जेटर ७३ च्या आसपास आणि ओझी ६७-६८, म्हणजे क्रम उलटा. जे लोक एका संकेतस्थळाचा आकडा फेकून वाद संपला असं म्हणतात, त्यांनी आधी हा फरक कुठून येतो ते पाहावं.

बॅटिंगबद्दल फारसा वाद नसावा. ॲव्हरेज बाजूला ठेवा आणि ओपीएस प्लस (बेस गाठणं आणि फटक्यांची ताकद मिळून बॅटिंगचा एकच आकडा) घ्या, कारण त्यात मैदान आणि काळ दोन्ही धरलेले असतात आणि १०० म्हणजे लीगची सरासरी. जेटर ११५, रिपकन ११२, बॅरी लार्किन ११६, ॲलन ट्रॅमेल ११०, ओझी ८७, ओमार व्हिझकेल ८२. इथे एक चूक हमखास होते: ही सरासरी शॉर्टस्टॉपांची नसते, सगळ्या बॅटरांची असते. १९८० च्या दशकात शॉर्टस्टॉपकडून बॅटिंगची अपेक्षाच कमी होती, त्यामुळे ८७ हा आकडा दिसतो तितका वाईट नाही. शिवाय ओझीने १,०७२ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) मिळवले आणि तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला फक्त ५८९ वेळा. ५८० बेस चोरले ते वेगळेच. १९८७ मध्ये एकही होम रन (थेट मैदानाबाहेरचा फटका) न मारता त्याने १०४ धावा काढल्या, ७५ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा) केले आणि एमव्हीपी म्हणजे सर्वात मोलाच्या खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला.

खरा वाद फील्डिंगचा आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

आधी फील्डिंग पर्सेंटेज घ्या. जेटर .९७६, ओझी .९७८. यावर विसंबलं तर दोघांत हजार चेंडूंमागे दोन चुकांचा फरक, म्हणजे जवळपास काहीच नाही. हा आकडा फसवतो, कारण ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचलाच नाही त्याची चूक कुणाच्याच नावावर लागत नाही. तो सरळ हिट म्हणून नोंदला जातो. आपल्याकडे एकनाथ सोलकरचं मोल ओळखायला २५ ची फलंदाजी सरासरी पाहून चालत नाही, २७ कसोटींतले ५३ झेल पाहावे लागतात. इथेही तसंच. किती चेंडू सुटले यापेक्षा किती चेंडू गाठले हे महत्त्वाचं.

म्हणून रेंज फॅक्टर आला: पुटआउट (स्वतः केलेले बाद) आणि असिस्ट (चेंडू फेकून करवलेले बाद) यांची बेरीज, सामन्यामागे. ओझीचा पाचच्या आसपास, जेटरचा चारच्या आसपास. पण हेही जसंच्या तसं घेऊ नका. १९८० मध्ये एका संघाचे सामन्यामागे ४.८ स्ट्राइकआउट होत, २०१४ मध्ये ७.७. जितके स्ट्राइकआउट जास्त तितके इनफील्डकडे, म्हणजे बेसजवळच्या फील्डरांकडे, येणारे चेंडू कमी. पिचर (चेंडू टाकणारे) जमिनीवरचे ग्राउंड बॉल काढणारे आहेत की हवेतले फ्लाय बॉल देणारे, डावखुरे किती (त्यांच्यासमोर उजवे बॅटर जास्त येतात आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे वळतात), शेजारचा थर्ड बेसमन किती चेंडू उचलतो, या सगळ्याने आकडा हलतो. तुलना करायची तर त्या वर्षीच्या लीग सरासरीशी करा, दुसऱ्या दशकाशी नाही. ओझीचे १९८० मधले ६२१ असिस्ट हा शॉर्टस्टॉपचा एका मोसमातला विक्रम त्याच्या काळातल्या इतरांच्याही फार पुढे होता, म्हणून तो मानायचा.

आता वॉरमधली फील्डिंग. जेटरच्या नावावर कारकिर्दीत साधारण उणे अडीचशे धावा आहेत, ओझीच्या नावावर अधिक २३९. जेटरच्या चाहत्यांना हे अशक्य वाटतं, म्हणून गणित करून बघा. जो सिंगल (एका बेसची हिट) झाला असता त्याचा आउट केला, तर साधारण पाऊण धाव वाचते. अडीचशे धावा म्हणजे सुमारे ३३० चेंडू. जेटर शॉर्टस्टॉपवर २,६७४ सामने खेळला. म्हणजे आठ सामन्यांत सरासरी शॉर्टस्टॉपपेक्षा एक चेंडू कमी! ओझीचं हेच गणित २,५११ सामन्यांत आठ सामन्यांमागे एक चेंडू जास्त असं येतं. डोळ्याला हा फरक दिसणं शक्य नाही. उलट जेटर उजवीकडे खोल जाऊन हवेत उडी मारून फेकायचा, ते प्रत्येकाला आठवतं. त्याचे चेंडू जायचे डावीकडून, दुसऱ्या बेसच्या बाजूने, ग्लोव्हपासून वीतभर अंतरावरून, आणि ते टीव्हीवर साधे सिंगल दिसायचे.

जेटरला पाच गोल्ड ग्लोव्ह मिळाले हे उत्तर पुरेसं नाही. ते व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांच्या मतांवर मिळत. आकडेवारीचा वाटा २०१३ पासून आला. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसवर जेमतेम २८ सामने खेळून गोल्ड ग्लोव्ह मिळाला होता.

तरीही ओझीचं पारडं लगेच जड मानू नका. २००३ च्या आधीचे फील्डिंगचे आकडे सामन्यांच्या जुन्या नोंदींवरून काढलेले आहेत. चेंडू नेमका कुठून गेला हे जिथे नोंदलेलं नाही, तिथे लेफ्ट फील्डरने उचललेल्या सिंगलचा दोष थर्ड बेसमन आणि शॉर्टस्टॉपमध्ये अंदाजाने वाटला जातो. असा आकडा पूर्ण मानणं धाडसाचं आहे. माझी पद्धत साधी आहे: फील्डिंगच्या धावा, अधिक असोत वा उणे, थोड्या कापा आणि क्रम टिकतो का ते पाहा. दोघांच्याही बारा टक्के कापल्या की ओझी आणि जेटर बरोबरीत येतात. अर्ध्या कापल्या तर जेटर ८३ च्या पुढे आणि ओझी ६५ च्या आसपास. पाव भाग कापणं मला रास्त वाटतं आणि तेवढ्यात जेटर पुढे जातो. म्हणून जेटर वरचढ, असं मी म्हणतो; हिट्समुळे नाही, आणि थोड्याच फरकाने.

रिपकनला हीच कात्री लावा. त्याच्या फील्डिंगच्या सुमारे १८० धावा आहेत. अर्ध्या कापूनही तो ८७ च्या आसपास राहतो आणि जेटरच्या पुढेच असतो. सहा फूट चार इंचांचा माणूस शॉर्टस्टॉपवर चालणार नाही असं तेव्हा मानलं जाई. पिच कोणती येणार आणि बॅटर कोण, हे पाहून तो आधीच जागा बदलून उभा राहायचा. १९८४ मध्ये ५८३ असिस्ट, १९९० मध्ये अख्ख्या मोसमात फक्त तीन चुका. दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप तोच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ॲलेक्स रॉड्रिगेझचं वॉर ११७, पण शॉर्टस्टॉपवर १,२७२ सामने आणि २००४ पासून थर्ड बेस. निम्म्याहून थोडंच जास्त मोल शॉर्टस्टॉपवरचं, आणि २००१ ते २००३ ही वर्षं ताकद वाढवणाऱ्या औषधांची, त्याने स्वतः कबूल केलेली. अर्नी बँक्सही शॉर्टस्टॉपपेक्षा फर्स्ट बेसवर जास्त खेळला. या दोघांना या यादीत घेताना फक्त शॉर्टस्टॉपवरची वर्षं मोजा. वॅग्नरचा ओपीएस प्लस १५१, आठ बॅटिंग किताब. फील्डिंग कितीही कापा, तो वरच राहतो. मात्र त्याच्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती, जॉन हेन्री लॉइडसारख्या शॉर्टस्टॉपविरुद्ध त्याला मोसमभर खेळावंच लागलं नाही, हे त्याच्या आकड्यांशेजारी लिहायलाच हवं.

व्हिझकेलचं काय, असं विचारणारे भेटतात. २,८७७ हिट्स, ११ गोल्ड ग्लोव्ह, पण वॉर ४५-४६, आणि फील्डिंगला पूर्ण माप देऊनही तेवढंच. दीर्घकाळ खेळणं ही गुणवत्ता आहे, पण ओझीशी त्याची बरोबरी होत नाही.

मला राग येतो तो ट्रॅमेलच्या बाबतीत. लार्किनप्रमाणे त्याचंही वॉर ७० च्या थोडं वर, उत्तम सात वर्षांची बेरीज ४४-४५, जी जेटर आणि ओझी दोघांपेक्षा थोडी जास्तच आहे. २००२ मध्ये ओझी आणि ट्रॅमेल हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या सन्मानाच्या) एकाच मतपत्रिकेवर पहिल्यांदा आले. ओझीला ९१.७ टक्के मतं मिळाली, ट्रॅमेलला १५.७. दोघांच्या वॉरमध्ये फरक सहा विजयांचा, आणि फील्डिंगच्या धावा पाव भाग कापल्या तर साधारण दोन विजयांचा. पंधरा वर्षांत ट्रॅमेल ४१ टक्क्यांच्या पुढे गेला नाही. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये समितीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ज्या मतदारांनी त्याला नाकारलं, त्यांच्यासमोर १८५ होम रन आणि २,३६५ हिट्स होते. शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हची किंमत त्यांनी ओझीच्या वेळी पूर्ण मोजली आणि त्याच कागदावर ट्रॅमेलच्या वेळी शून्य धरली.