प्रतिक्रियेला उत्तर: घड्याळातले ६८ आणि ट्रॅकवरचे २:०८

नमस्कार. मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं असं: व्हीओ२ मॅक्स (जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचं माप) एकटं पुरत नाही हे मी उगाच लिहिलं, ८०० मीटर शर्यतीचा निकाल लॅक्टिक ॲसिड लावतं, तेव्हा रोज ४०० मीटरचे रिपीट (मध्ये थांबून पुन्हा पुन्हा धावणं) जोरात मारावेत, आणि पुतण्याच्या घड्याळात व्हीओ२ मॅक्स ६८ दिसत असूनही तो ४०० मीटरच्या दोन फेऱ्या ६१ आणि ६७ सेकंदांत मारून २:०८वर अडकलाय, म्हणजे कोच कच्चा.

कोचला जरा थांबवू. मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजन वापर मोजत नाही, नाडी आणि वेगावरून अंदाज बांधतं. उन्हात नाडी चढली की तोही हलतो. पण ६८ खरं धरलं तरी गणित उरतंच.

समजा दोन मुलं ६ मिनिटांच्या जीव तोडून केलेल्या धावेत २००० मीटर जातात. म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर, साधारण व्हीओ२ मॅक्सचा वेग. आता ३० मीटर वेग घेऊन पुढचे २० मीटर मोजा. पहिल्याला २.२२ सेकंद लागले, दुसऱ्याला २.५, कमाल वेग ९ आणि ८. दोघांनाही ८०० मीटर २:००मध्ये मारायचेत, म्हणजे सेकंदाला ६.६७. पहिला आपल्या राखीव वेगाचा (कमाल वेग वजा व्हीओ२ मॅक्सचा वेग) तिसरा हिस्सा खर्चतो, दुसरा जवळपास ४५ टक्के. दम सारखाच, पण शेवटच्या १५० मीटरला पाय जड होणार ते दुसऱ्याचे.

ॲसिडबद्दल. लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) हा कचरा नव्हे. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. शर्यतीनंतर तासा-दीड तासात ते पूर्वपदावर येतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचं खापर त्याच्यावर फोडू नका. जोरात धावताना स्नायूतली आम्लता वाढते, फॉस्फेट साचतं, आणि आकुंचनाचा जोर घटतो. रोजच्या ४००मुळे हे सहन करायची सवय थोडी लागते, पण थकलेल्या पायांनी मारलेला रिपीट ना खरा वेग वाढवतो ना दम. मी आठवड्यात तीनच कठीण दिवस ठेवीन: शर्यतीच्या वेगाने ५ वेळा ३०० मीटर (२:००चं लक्ष्य असेल तर ४५ सेकंद), मध्ये ३ मिनिटं; एक दिवस ४ वेळा ६ मिनिटं, तुटक वाक्यं बोलता येतील अशा वेगात; आणि एक दिवस ३० मीटरच्या पाच पूर्ण वेगाच्या धावा, मध्ये पूर्ण विश्रांती. ही विश्रांती कापली की सगळं मुसळ केरात.

एका गोष्टीत तुमचं बरोबर. ८००ला लागणाऱ्या ऊर्जेत ऑक्सिजनचा वाटा मी ‘बहुतांश’ असा मोघम लिहिला होता. तो साधारण ६० ते ७० टक्के, १५००ला ८०च्या आसपास. पण पहिल्या २०० मीटरला तो बराच कमी असतो, कारण ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा तापायला वेळ घेते. म्हणून शर्यतीच्या वीसेक मिनिटं आधी शर्यतीच्या वेगाने एक २०० मीटर मारून घ्यावं.

आता ६१ आणि ६७. दुसरी फेरी मंद असणं हा दोष नाही; लंडन २०१२ ऑलिंपिकला केनियाच्या डेव्हिड रुडिशाने ८००चा १:४०.९१चा विक्रम केला तेव्हाही फेऱ्या ४९.२८ आणि ५१.६३ होत्या. अडीच सेकंदांचाही फरक नाही. पुतण्याचा सहा सेकंदांचा फरक म्हणजे पहिले २०० मीटर बहुधा २९ सेकंदांत उधळलेत. पुढच्या वेळी ते ३१मध्ये धावू द्या, आणि त्याचे २० मीटरचे सेकंद कळवा.