'उडणे'चा पंख कुणी छाटलेला नाही

"1956 मध्ये चिनी कम्युनिस्टांनी 'उडणे' या अक्षराचा एक पंख छाटला. जनतेने उडू नये, जुनी कविता विसरावी, हाच डाव." हा फॉरवर्ड भाचीच्या चिनीच्या वर्गात पोचला आणि दोघातिघांनी सोपी अक्षरं, म्हणजे चीनने रेघा कमी करून रूढ केलेली, लिहिणंच सोडलं. परीक्षा त्याच अक्षरांत द्यायची आहे! म्हणून हे उत्तर.

एवढं खरं की 'फेइ', म्हणजे 'उडणे', हे अक्षर 9 रेघांचं होतं, ते 3 रेघांचं झालं. तैवान, हाँगकाँग आणि जपानमध्ये जुनंच चालतं.

आता पंख. इ.स. 100 च्या सुमारास श्यू षनने रचलेला 'श्वोवन च्येझ' हा कोश 'फेइ'ला चित्राक्षर म्हणतो: वर झेपावणारा पक्षी. त्या काळच्या वळणात पसरलेले पंख दिसतातही. पण कुंचल्याने भराभर लिहिताना ते चित्र 1956 च्या कित्येक शतकं आधीच मोडलं. 9 रेघांच्या अक्षरात डावा-उजवा पंख नाहीतच. एकसारखे दोन आकार आहेत, एक वर, एक खाली. त्यातला एक ठेवला. पंखच छाटायचे होते तर 'यू' म्हणजे पीस, आणि 'श्यांग' म्हणजे घिरट्या घेणं, ही अक्षरं का सोडली? दोन्हींत पिसांची जोडी आजही शाबूत आहे, आणि 'फेइश्यांग' हा तर नेहमीचा शब्द.

एक पंख म्हणजे अपंगत्व, हे तर चिनी साहित्य न वाचताच ठोकलेलं विधान. दंतकथेतल्या 'बीयी' पक्ष्याला एकच पंख; जोडीदाराशिवाय तो उडत नाही. जुना कवी बाइ च्युई याच्या 'अखंड दुःखाचं गीत' या काव्यात सम्राट आणि त्याची प्रिया यांग ग्वेइफेइ आकाशात तोच पक्षी व्हायची शपथ घेतात.

कविता विसरली? 'हजार डोंगरांवर पाखरांचं उडणं थांबलं' ही जुना कवी ल्यू झोंगयुआनची ओळ चीनमधली प्राथमिक शाळेतली मुलं 3 रेघांचं 'फेइ' वाचूनच पाठ करतात. उच्चार तोच, अर्थ तोच.

नुकसान झालं ते दुसरीकडे, जिथे दोन अक्षरांचं एक केलं. 'फा' पाहा: 'केस' आणि 'सोडणे' यांना आता एकच अक्षर. कवी ली बाइची 'पांढरे केस तीन हजार झांग' (झांग हे लांबीचं जुनं माप) ही ओळ सॉफ्टवेअरने जुन्या लिपीत नेताना केसांच्या जागी 'सोडणे' येऊन बसू शकतं. 'फेइ'च्या बाबतीत तो धोका नाही, कारण तिथे एकाला एकच अक्षर आहे.

लिहिताना आधी आडवी रेघ वळवून खाली आणा आणि टोकाशी वर आकडा काढा, मग तिरकी छोटी रेघ, शेवटी ठिपका. आकडा विसरलात तर गुण जातील.