शाळांना नंबर का दिले नाहीत?

नमस्कार. छोट्या गावातल्या सरकारी प्राथमिक शाळांवर एवढं लिहिलं, पण पहिली कोण आणि दुसरी कोण ते सांगितलंच नाही; शिक्षक दुखावतील म्हणून निकाल लपवले, असा तुमचा आक्षेप आहे. तसं नाही. मी क्रम लावला असता तर पुढच्या वर्षी तो उलटण्याची दाट शक्यता होती, आणि तेही शाळेत काहीच न बदलता.

तिसरीच्या वर्गात 20 मुलं आहेत असं धरा. त्यातल्या 14 जणांना धडा सलग वाचता आला, की निकाल 70 टक्के. पुढच्या वर्षी नवी 20 मुलं येतात, 11 जण वाचतात. निकाल 55 टक्के. बाई त्याच, पुस्तक तेच. एवढ्या लहान वर्गात निव्वळ योगायोगाने निकाल दहाएक टक्क्यांनी वरखाली होतो. मुलं 80 असतील तर हाच हेलकावा पाचेक टक्क्यांवर येतो, कारण पट चौपट झाला की चढउतार निम्मा होतो. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळांबद्दल हेच दाखवलं: यादीच्या वरच्या टोकाला लहान शाळा जास्त, आणि खालच्या टोकालाही लहानच जास्त.

शिवाय निकालात घरही मोजलं जातं. अमेरिकेतल्या शाळांच्या एका मोठ्या सरकारी पाहणीने, म्हणजे कोलमन अहवालाने, हे 1966 सालीच लक्षात आणून दिलं होतं. घरी रोज कुणी वाचून दाखवणारं असेल, तर त्या मुलाच्या गुणांचं सगळं श्रेय शाळेला कसं द्यायचं? म्हणून मी तीच मुलं पहिलीत कुठे होती आणि तिसरीत कुठे पोचली, हे विचारते.

पण तुमचं एक म्हणणं मला पटलं. पटसंख्या आणि सलग तीन वर्षांचे निकाल शेजारी शेजारी द्यायला हवे होते. ते राहिलं, ही माझी चूक. लेखात भर घालते.

आता तुमच्या मुलीचं. एका शाळेचा निकाल 75 टक्के, दुसरीचा 65, आणि दोन्हीकडे वर्गात वीस-वीस मुलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे फरक दोन मुलांचा. एवढ्यावर तिची शाळा ठरवू नका, कळकळीने सांगते. परवानगी काढून दोन्ही शाळांत पहिलीच्या वर्गात तासभर बसा. मागे बसलेल्या मुलाला त्या तासात किती वेळा वाचायला मिळालं ते मोजा. एका शिक्षकाकडे किती इयत्ता आहेत, बाई रजेवर गेल्या की वर्ग कोण घेतं, हे विचारा. आणि सगळ्यांत आधी विचारा, की पहिलीला आत्ता शिकवणाऱ्या बाई पुढच्या वर्षीही त्याच वर्गावर असणार आहेत का.