मुद्दल परत मिळणार नाही

माझ्या एम. ए.च्या संशोधन प्रकल्पातलं सरांना आवडलेलं एकमेव पान मी लिहिलेलं नाही. ते एका काकांनी लिहिलंय. झेरॉक्सच्या दुकानात, आधार कार्डाची कॉपी निघेपर्यंत वेळ जात नव्हता म्हणून, निळ्या बॉलपेननं, माझ्या फायनल प्रिंटवर.

राग उतरला असं वाटतं आणि गंगापूर रोडवरून जाताना परत चढतो.

विषय आहे नाशिकच्या लेण्यांमधले शिलालेख. अख्खं गाव ज्यांना पांडवलेणी म्हणतं आणि अभ्यासक त्रिरश्मी लेणी, त्याच या. एकूण चोवीस लेणी. त्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाचा जावई उषवदात याने जे काही कोरून ठेवलंय, तेवढा माझा प्रांत. इतिहासात एम. ए. करते म्हटलं की लोकांचा एकच प्रश्न असतो, "म्हणजे एमपीएससी ना?" नाही म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत, नुसतं "असू दे, असू दे" म्हणतात.

उषवदात मला पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटला. नाशकात राहणाऱ्या कोणालाही वाटेल. तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, तापी, दमण, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा चालवल्या. आणि एवढं करून गप्प बसला नाही, सगळं भिंतीवर लिहून ठेवलं. नाशकात सीबीएस स्टँडपासून द्वारका चौकापर्यंत जे फ्लेक्स लागतात त्यांचा हा मूळपुरुष. फक्त खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो नाहीत, आणि दोन हजार वर्षांत कोणी तो उतरवलेला नाही.

तर प्रकल्प लिहून झाला. चार प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, डावीकडे दीड इंच समास, छपाई एकाच बाजूला. हे सगळं परिपत्रकात आहे. आत काय असावं याबद्दल परिपत्रक फारसं आग्रही नाही. रविवार होता. खरं तर मी नांदूर मध्यमेश्वरला असायला हवी होते. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप आहे, थंडीत पहाटे निघतो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तिथे गर्दी वाढली आणि पक्षी बघायला आलेले लोक एकमेकांनाच जास्त बघू लागले, तो वेगळा लेखाचा विषय आहे. त्या दिवशी मात्र मैत्रिणी जांभळ्या पाणकोंबड्यांचे फोटो पाठवत होत्या आणि मी, कुंभाच्या कामांसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांवरून स्कूटर उडवत आणल्यावर, झेरॉक्सवाल्याच्या काउंटरला टेकून उभी होते.

पहिला घोळ ब्राह्मीचा. युनिकोडमध्ये ब्राह्मी लिपी २०१० पासून आहे. या दुकानात अजून पोचलेली नाही. पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि जिथे जिथे मूळ लेख दिला होता तिथे ओळीच्या ओळी नुसते चौकोन.

"ताई, एवढे चौकोन कशाला टाकलेत?" दुकानातला पोरगा म्हणाला. "पेनानं भरायचेत का?"

"ती ब्राह्मी आहे."

हे ऐकून माझ्या शेजारी उभे असलेले काका वाकले. साठी-पासष्टीचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कागदांनी टच्च भरलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी स्क्रीनवरचे चौकोन नीट निरखले.

"ही ब्राह्मी होय? मग सोपी आहे की. उगाच घाबरवतात लोकांना."

जेम्स प्रिन्सेपनं वर्षानुवर्षं डोळे फोडून १८३७ मध्ये जी लिपी उलगडली, ती काकांनी उभ्याउभ्या निकालात काढली. मी मोबाइलवरून पीडीएफ पाठवली, चौकोन गेले, अक्षरं आली. काकांचा विरस झाला. "आता अवघड झालं बघ," म्हणाले.

इथे विषय संपायला हवा होता. पण काकांच्या आधारला वेळ होता. पोरानं पहिली कॉपी काढली तर कार्डावरचा चेहरा पानभर आला. "मोठं करू नको सांगितलं होतं ना? पुढचं-मागचं एकाच पानावर, कार्डाच्याच मापात!" तो परत सेटिंग करायला गेला आणि काकांनी मशीनमधून माझी पानं निघत होती त्यातलं वरचं उचललं. विचारलं वगैरे नाही. दुकानातला पेपर उचलतात तसं. मोठ्यानं वाचायला लागले.

"'पश्चिमी क्षत्रपांच्या काळातील दाननिधी व त्यांचे व्यवस्थापन.' कोण वाचणार हे?"

"परीक्षक."

"ते नाही वाचत. अजून कोण?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी चार पानं उलटली. "पांडव कुठेत यात?"

"पांडवांचा संबंध नाही काका. ही बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत."

"मग नाव कसं पडलं?"

"लोकांनी पाडलं."

"लोक काय वेडे आहेत?" लॅमिनेशनसाठी थांबलेल्या एक बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मी पांडवांना वनवासातून थेट बेघर केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मी मोबाइलमध्ये पाणकोंबड्या बघू लागले.

"थांब थांब. व्याज?"

काकांचा आवाज बदलला होता. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"तीन हजार कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्यांची, कायमची ठेव आहे ती," मी म्हटलं. "उषवदातानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली."

"गोवर्धन म्हणजे आपलं? गंगापूरजवळचं?"

"तेच."

"तिथे पतसंस्था होती?"

"श्रेणी होत्या काका. विणकरांच्या संघटना."

"तेच ते. दर काय?"

मला कबूल करायला आवडत नाही, पण माझ्या विषयाबद्दल इतक्या भुकेनं मला कोणी कधीच काही विचारलेलं नाही. व्हायवाच्या तालमीत सरांनी विचारलं होतं ते एवढंच की संदर्भसूची अकारविल्हे आहे का. म्हणून सांगितलं. दोन हजार एका श्रेणीत, महिना शेकडा एक दरानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, महिना शेकडा पाऊण. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. दुसऱ्यातून त्यांचा बाकीचा किरकोळ खर्च, ज्याला लेखात 'कुशण' म्हटलंय.

काकांनी खिशातलं पेन काढलं. एका प्रकरणाच्या शेवटी अर्धं पान कोरं राहिलं होतं, ते त्यांना बरोबर सापडलं.

"काका, ती फायनल—"

"दोन हजार. शेकडा एक. महिन्याचे वीस. बारा महिने, दोनशे चाळीस." पेन चालू. "वीस माणसं गुणिले बारा. दोनशे चाळीस." पेन थांबलं. काकांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी नातवंडांचे रिझल्ट बघणाऱ्या आजोबांच्याही डोळ्यांत पाहिलेलं नाही. "जुळलं! पै न पै जुळलं!"

लॅमिनेशनच्या बाई सुद्धा "अगंबाई" म्हणाल्या.

आणि खरंच जुळतं. वर्षाला दोनशे चाळीस व्याज, दोनशे चाळीस वाटप. मागे काही उरत नाही, कमी पडत नाही. वीस भिक्षूंना कापडाचे पैसे वेळेवर मिळावेत एवढ्यासाठी कोणीतरी आधी बसून हिशोब केला होता. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज गेल्या पावसाळ्यापासून पोर्टलवर 'छाननी प्रलंबित' आहे. कोणाची छाननी, कुठे प्रलंबित, फोन केला तर "वरून आलं नाही" एवढंच सांगतात. वर्षावास संपून दिवाळी गेली.

"पण मग दुसरीकडे पाऊण का?" काकांनी मलाच विचारलं.

यावर मी दोन पानं लिहिली होती. अभ्यासकांत एकमत नाही, दोन श्रेणींची पत वेगळी असावी, रकमेनुसार दर बदलत असावा, वगैरे. काकांनी ती ऐकून घेतली नाहीत.

"साधं आहे. जिथे दर कमी तिथे पैसा सुरक्षित. जावई हुशार होता. सगळं एका जागी ठेवलं नाही त्यानं." थोडं थांबून म्हणाले, "मी ठेवलं."

पिशवीत काय होतं ते मग कळलं. पावत्या. ठेवींच्या, एका पतसंस्थेच्या. तिचं नाव त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं, मी इथे लिहीत नाही. निवृत्तीचे पैसे, वर्षाला तेरा टक्के कबूल केलेले. आता तिथे संस्था गुंडाळायला अवसायक बसलाय आणि ठेवीदारांकडून अर्ज मागवलेत. सोबत आधारची प्रत, पुढचं-मागचं एकाच पानावर.

"बँक असती तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. हे आम्हाला कधी कळलं? कुलूप लागल्यावर. बरं, तुझ्या त्या जावयाला मुद्दल परत कधी मिळालं?"

"नाही मिळायचं काका. तसं लेखातच आहे. 'अपडिदातवा वधिभोजा.' मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं."

काका बराच वेळ हसले. दुकानदारही हसला, पोरगाही हसला. "बघा! आमच्या संस्थेनं तेच केलं. पहिलं अर्धंच पाळलं, आणि दगडावर लिहायचं तेवढं राहिलं!"

मला वाटलं आता झालं. पण त्यांना पुढची ओळ सापडली होती. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं उषवदात लिहितो. काकांचं हसू गेलं.

"सभेत वाचून दाखवलं? ताळेबंद? आमच्या वार्षिक सभेत आम्हाला स्टीलचा डबा दिला. मोठा होता, झाकणाचा. आम्ही डबा बघितला, ताळेबंद नाही बघितला. दर वर्षी डबा. घरी चार आहेत. बायको आता त्यात काही ठेवत नाही." मग माझ्याकडे वळून, मी त्या संचालक मंडळावर असल्यासारखे, "दोन हजार वर्षांपूर्वी लोकांना जमत होतं ना? मग आत्ता का नाही जमत? हे लिहिलंयस का यात?"

लिहिलं नव्हतं. 'तत्कालीन पतव्यवस्थेची विश्वासार्हता' असं एक उपशीर्षक होतं, पण त्यात हे नव्हतं.

आधारची कॉपी आली. काकांनी ती तपासली, पिशवीत घातली, आणि जाता जाता माझ्या पानावरच्या गणिताखाली एक रेघ मारली, बरोबरची खूण केली, 'जुळते' असं लिहिलं आणि बारीक सही ठोकली. आयुष्यभर लेखा विभागात काढलं असणार, हात थांबत नाही.

"अहो, हे मला जमा करायचंय!"

"मग बरंच झालं की. तपासून दिलं." आणि गेले.

मी पान नवीन काढायला सांगितलं. पोरानं काढलं. बॉण्ड पेपर, त्याचे वेगळे पैसे घेतले. प्रती बाइंडिंगला गेल्या. आणि बाइंडिंगवाल्यानं पहिल्या प्रतीत जुनंच पान लावलं. सोनेरी अक्षरांत माझं नाव, आत निळ्या शाईत काकांचा हिशोब.

मला ते सरांच्या केबिनमध्ये कळलं. सर पानं सोडत होते, म्हणजे अक्षरशः अंगठ्यानं सोडत होते, फर्रर्र. निळी शाई आली आणि अंगठा थांबला. मी मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवायला लागले.

"हे छान आहे," सर म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "स्वतः पडताळा घेतलाय. यालाच संशोधन म्हणतात. बाकी सगळं आपलं… ठीक आहे." मग डोळे बारीक करून खालची सही बघितली. "हं. मी तपासलंय हे आधी. सही आहे माझी."

सरांची सही मी दोन वर्षं बघतेय. एक वेलांटी आणि एक ओरखडा. काकांचीही तशीच. निवृत्त लेखनिक आणि कार्यरत मार्गदर्शक यांना एकाच गुरूनं सही शिकवली असावी. मी तोंड उघडलं, मग शिष्यवृत्तीच्या अर्जावर अजून यांचीच शिफारस लागणार आहे हे आठवलं, आणि मिटलं.

"उरलेल्या प्रतींतही हे पान असंच घाल," सर म्हणाले. "टाइप नको करूस. हाताचं जिवंत वाटतं."

तर पुन्हा ते दुकान. दुकानदारानं पान उजेडात धरलं.

"निळं पेन आहे. रंगीत कॉपी धरावी लागेल. दहा रुपये पान."

"ब्लॅकमध्ये काढा."

"ब्लॅकमध्ये आकडे उठत नाहीत. सही तर अजिबात नाही. आणि बाइंडिंग उसवून परत करायचे प्रत्येकी साठ."

"अहो, चुकीचं पान तुमच्याकडनंच लागलं. नवीन पानाचे पैसे घेतले होते तुम्ही, ते वापरलंसुद्धा नाही. ते तरी वळते करा."

"दोन रुपयांसाठी काय भांडता ताई," तो म्हणाला, क्यूआर कोडचा स्टँड माझ्यासमोर सरकवला आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं. "बोला. आधार का?"